छातींतील वारा

शस्त्रक्रिया आटोपून रोग्याला बाहेर आणलें कीं दारापाशीं ताटकळत उभ्या असलेल्या आप्तांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “ऑपरेशन यशस्वी झालें ना?” शस्त्रवैद्य मान डोलावतात; लागलीच घरीं निरोप जातो, देवापुढें साखर ठेवली जाते, आणि चारपांच दिवसांनीं रोगी घरीं आला म्हणजे त्या प्रकरणावर पडदा पडतो. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ‘यश’ हा शब्द आपण फार लवकर उच्चारतों, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. संस्कृत व्याकरणकार धातूच्या अर्थाचे दोन भाग पाडतात; एक व्यापार व दुसरा फल. ‘शिजविणें’ या क्रियेंत चूल पेटविणें, आधण ठेवणें, तांदूळ वैरणें हा सारा व्यापार. आणि तांदूळ मऊ होणें हें फल. शाळेंत हें शिकवितांना मुलें जांभया देत. मलाहि त्या वेळीं या भेदाचें व्यवहारांत कांहीं काम पडेल असें वाटलें नव्हतें. तें काम 2023 सालीं एका रुग्णालयाच्या बाकावर पडलें.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा त्या वेळीं एकवीस वर्षांचा होता. उंच, शिडशिडीत, छाती अरुंद. लहानपणीं घरांत त्याला ‘शेवग्याची शेंग’ म्हणत. 2022 च्या पावसाळ्यांत पुण्यास वसतिगृहांत अभ्यास करीत बसला असतां त्याच्या उजव्या कुशींत एकाएकीं सुरी खुपसावी तशी कळ आली व श्वास पुरेना. धांवला नव्हता, ओझें उचललें नव्हतें, नुसता खुर्चीवर बसलेला होता. प्रथम त्याला वाटलें, उसण भरली असावी. मित्रांनीं रुग्णालयांत नेलें, क्ष-किरणचित्र काढलें, तेव्हां उजवें फुप्फुस आक्रसून मधल्या बाजूस गोळा झालेलें दिसलें. या विकाराला डॉक्टर न्यूमोथोरॅक्स म्हणतात. आपल्या भाषेंत ‘वातवक्ष’ असा प्रतिशब्द आहे. तो कानाला जड लागतो, पण अर्थ चोख सांगतो.

फुप्फुस हें रबरासारखें लवचिक आहे. मोकळें सोडलें तर तें आक्रसूं पाहतें. बरगड्यांचा पिंजरा उलट बाहेरच्या बाजूस ताणूं पाहतो. या दोहोंच्या मध्यें दोन पातळ पडदे व त्यांमध्यें ओलाव्यापुरता द्रव असतो, आणि त्या फटींतला दाब बाहेरच्या हवेहून कमी असल्यामुळें फुप्फुस पिंजऱ्याला जणूं चिकटून राहतें. दोन ओल्या कांचा एकमेकींवर ठेवल्या तर सरकतात, पण सहज सुटत नाहींत, तसेंच हें. त्या फटींत हवा शिरली कीं ती पकड सुटते आणि फुप्फुस मिटतें. उंच व सडपातळ तरुणांच्या फुप्फुसाच्या शेंड्यावर पुष्कळदां बारीक फुगे धरलेले असतात. डॉक्टर त्यांना ब्लेब म्हणतात. उंच छातींत शेंड्यावरचा ताण अधिक, म्हणून ते तेथें होत असावेत, असें समजतात. असा एखादा फुगा फुटला कीं श्वासाची हवा आंतून गळूं लागते. क्षयानें किंवा दम्याखोकल्याच्या जुन्या विकारानें फुप्फुस आधींच जर्जर झालें असेल तर वृद्धांनाहि हें होतें; आणि त्यांच्या बाबतींत धोका फार अधिक, हिशेबहि निराळा. मी येथें धडधाकट तरुणांपुरतेंच लिहीत आहें.

पहिल्या खेपेस बरगड्यांमधून एक नळी घालून तिचें दुसरें टोंक पाण्याच्या बाटलींत बुडविलें होतें. ही युक्ति मला फार आवडली. छातींतली हवा बुडबुड्यांच्या रूपानें पाण्यांतून बाहेर पडते, पण पाण्याची अटक असल्यामुळें बाहेरची हवा आंत जाऊं शकत नाहीं. नळींतलें पाणी श्वासाबरोबर वरखालीं होतें. हम्बुर्ग येथील गोथार्ड ब्यूलौ या वैद्यानें 1875 सालीं छातींतला पू काढण्याकरितां अशीच बाटली वापरली होती. इतकीं यंत्रें आलीं, पण तिचें तत्त्व अजून तेंच आहे. बाटली मात्र नेहमीं छातीच्या पातळीच्या खालीं ठेवावी लागते. भेटीस आलेल्या एका स्नेह्यांनीं पायांत येते म्हणून ती उचलून टेबलावर ठेवली, तेव्हां परिचारिकेनें त्यांना जें सुनावलें तें त्यांच्या कायमचें लक्षांत राहील. पांच दिवसांनीं बुडबुडे थांबले, नळी निघाली, मुलगा घरीं आला, आणि सर्वांनीं ‘बरा झाला’ म्हणून सुस्कारा टाकला.

माझी आई मात्र या साऱ्या प्रकारानें चकित झाली होती. तिचें वय आज एकोणनव्वद आहे. तिच्या लहानपणीं तिच्या एका काकांना क्षय झाला होता, आणि सॅनेटोरियममध्यें त्यांच्या छातींत मुद्दाम हवा भरीत. तिनें मला विचारलें, “अरे, त्या वेळीं वारा भरायला पैसे मोजले, आणि आतां तोच काढायला मोजतां?” तिचा प्रश्न भाबडा दिसला तरी इतिहासाला धरून होता. इटलींतील कार्लो फोर्लानीनी यानें 1882 सालीं असें मांडलें कीं, क्षयी फुप्फुस मिटवून त्याला विसांवा दिला तर तें भरून येईल. पुढें तो उपाय जगभर पसरला. आपल्याकडेहि रोगी ठराविक दिवसांनीं ‘हवा भरून’ घेण्यास जात. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखीं क्षयरोग्यांचीं आरोग्यधामें ज्यांनीं पाहिलीं, त्या पिढीच्या कानांवर ‘ए. पी.’ हीं दोन अक्षरें नक्की पडलेलीं असतील. 1943 सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, त्यामागून दुसरीं औषधें आलीं, आणि हा उपाय मागें पडला.

गंमत पुढेंच आहे. ज्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें आज मिटलेलें फुप्फुस पक्कें बसवितात, ती मूळ वाढली तें फुप्फुस नीट मिटावें म्हणून! स्टॉकहोम येथील हान्स क्रिश्चन याकोबेउस यानें 1910 सालीं मूत्राशय पाहण्याची दुर्बीण छातींत घालून पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. क्षयी फुप्फुस कांहीं ठिकाणीं बरगड्यांना चिकटून बसलेलें असे, त्यामुळें हवा भरूनहि तें मिटत नसे. ते बंध दुर्बिणींतून पाहून तोडण्याची रीति त्यानें काढली. आज बंध उत्पन्न करण्यासाठीं तीच वाट वापरतात. शंखजिऱ्याची भुकटी फवारून दोन पडदे मुद्दाम चिकटविण्याची क्रिया 1935 सालीं नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शस्त्रवैद्यानें प्रसिद्ध केली. हा गृहस्थ स्वतः क्षयी होता, आणि 1927 सालीं त्यानें हट्टानें आपल्याच छातींत हवा भरून घेतली होती. पुढें तो चीनच्या युद्धांत सेवा करतां करतां 1939 सालीं वारला. त्याच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून ज्यांनीं काम केलें व 1942 सालीं तेथेंच देह ठेवला, ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. हें मीं आईला सांगितलें. शांतारामबापूंचा कोटणिसांवरचा बोलपट तिनें पाहिलेला होता. तेव्हांपासून मुलाच्या छातीविषयीं तिला निम्मी खात्री वाटूं लागली; शास्त्रीय कारण कांहीं नसतांना.

फेब्रुवारी 2023 मध्यें तीच कळ, त्याच कुशींत, पुन्हां आली. आतां निर्णय घेणें भाग पडलें. पहिल्या खेपेनंतर शंभरांतील सुमारें बत्तीस जणांना हा विकार पुन्हां होतो, आणि दुसऱ्यानंतर तिसऱ्याची भीति आणखी वाढते. तेव्हां शस्त्रक्रिया करावी, हें डॉक्टरांचें मत पडलें. ती कोणती, हा प्रश्न होता. शस्त्रवैद्य मध्यम वयाच्या एक बाई होत्या. त्यांनीं दोन वाटा सांगितल्या. जुनी वाट म्हणजे बरगड्या फांकवून छाती उघडणें. नवी म्हणजे काखेखालीं बोटभर रुंदीचीं दोनतीन छिद्रें पाडून, त्यांतून दुर्बीण व लांब दांड्याचीं हत्यारें घालणें. पडद्यावर पाहून फुगे धरलेला शेंडा टांके घालणाऱ्या यंत्रानें कापून शिवणें. आणि आंतला पडदा खरखरीत बोळ्यानें घासून तो चिकटेल असें करणें. या रीतीला व्हॅट्स म्हणतात. ती 1990 नंतरच्या दशकांत सर्वत्र पसरली.

माझे बंधु हिशेबनीस आहेत. त्यांनीं सरळ विचारलें, “बाई, दोहोंपैकीं यश कशांत जास्त?” त्या म्हणाल्या, “यश कशाला म्हणायचें तें आधीं ठरवा.” मला ही बाई तत्काळ आवडली.

त्यांनीं जें समजावून सांगितलें, तें मीं पुढें स्वतः वाचून ताडून घेतलें आहे. 2004 सालीं ब्रिटनच्या एका प्रख्यात वैद्यकीय पत्रांत अनेक तुलनात्मक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दुर्बिणीच्या वाटेनें रुग्णालयांतला मुक्काम एक ते चार दिवसांनीं कमी होतो, आणि बहुतेक प्रयोगांत दुखणेंहि कमी आढळलें. एवढ्यावर थांबलें तर नवी वाट निर्विवाद श्रेष्ठ ठरते. परंतु 2007 सालीं दुसरा एक मोठा आढावा आला, आणि त्यानें फक्त एकच गोष्ट मोजली : पुढें फुप्फुस पुन्हां मिटलें किती जणांचें? तेथें उत्तर उलटें आलें. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांत सुमारें एकाचें, दुर्बिणीनंतर सुमारें पांचांचें. म्हणजे चौपटीहून अधिक.

बंधूंचा चेहरा उतरला. ‘चौपट’ हा शब्द असाच आहे. कानावर पडतांच माणूस दचकतो. मीं त्यांना म्हटलें, “अरे, गुणोत्तर पाहूं नकोस, वजाबाकी पाहा.” शंभर मुलांमागें चार मुलांचा फरक, आणि त्यासाठीं शंभरहि मुलांच्या बरगड्या फांकवावयाच्या. शिवाय या दोन्ही आंकड्यांची तुलना त्या बत्तिसांशीं करावयाची, शून्याशीं नव्हे. दोन्ही वाटा खऱ्या, दोन्ही आंकडे खरे. एक व्यापाराची सुलभता सांगतो, दुसरा फलाचा टिकाऊपणा. रुग्णालयाच्या दारांत विचारलेल्या प्रश्नाला फक्त पहिल्याचेंच उत्तर मिळूं शकतें, कारण दुसरें कळावयाला वर्ष-दोन वर्षें लागतात.

असा फरक कां पडावा? सुश्रुतांनीं शस्त्रकर्माचीं एकशें एक यंत्रें सांगितलीं आणि त्यांत हात हें सर्वप्रधान यंत्र मानलें. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत हात आंत जातच नाहीं. हें मीं बाईंना थोडें भीतभीतच सांगितलें. त्या हंसल्या नाहींत. म्हणाल्या, “दुर्बिणीनें डोळा मोठा होतो, पण चाचपून पाहतां येत नाहीं, एखादा लहान फुगा राहून जाऊं शकतो. दुसरें असें कीं, मोठ्या जखमेनंतर छाती आंतून अधिक खवळते, म्हणून पडदे अधिक घट्ट चिकटतात. शरीराला त्रास कमी दिला तर चिकटणेंहि थोडें कमी.” म्हणजे जो गुण तोच दोष.

बंधूंनीं शेवटीं दुर्बीणच निवडली. मुलगा पुरेसा मोठा असल्यामुळें त्याचें मतहि घेतलें, आणि तेंच निर्णायक ठरलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं दुहेरी पोकळीची नळी श्वासमार्गांत घालून एकाच फुप्फुसाला हवा देतात व दुसरें शांत ठेवतात. सुमारें दीड तासांत सारें आटोपलें. तिसऱ्या दिवशीं नळी निघाली, चौथ्या दिवशीं घर. दुखलें तें मात्र त्याच्या अपेक्षेहून अधिक. ‘छोटीं छिद्रें’ म्हटलें म्हणजे दुखणें नाहींच, अशी जी समजूत लोकांत आहे ती खरी नव्हे. पडदा घासला जातो, बरगड्यांमधली नस दाबली जाते. काखेखालचा तळहाताएवढा भाग पुढें कित्येक महिने बधिर होता, आणि शर्ट घासला कीं मुंग्या येत. याहि गोष्टी फलांतच जमा केल्या पाहिजेत. दोन्हीं बाजूंनीं मांडल्यावांचून जमाखर्च पुरा होत नाहीं, हें हिशेबनीस बंधूंना सांगावें लागलें नाहीं.

या विषयावर वाचतां वाचतां एक गोष्ट अशी आढळली कीं जिनें मला सर्वांत अधिक विचारांत पाडलें. 2020 सालीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील डॉक्टरांनीं पहिल्याच खेपेच्या 316 रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमींप्रमाणें नळी घातली. उरलेल्यांना केवळ देखरेखीखालीं ठेवलें, आणि गरज पडली तरच नळी घालावयाची असें ठरविलें. या दुसऱ्या गटांतील शंभरांपैकीं सुमारें पंधरांनाच ती गरज पडली. आठ आठवड्यांनीं पाहिलें तों नळी घातलेल्यांपैकीं शंभरांत अठ्ठ्याण्णवांचें फुप्फुस पूर्ण पसरलें होतें, आणि देखरेखीवर ठेवलेल्यांपैकीं चौऱ्याण्णवांचें, थोडाच फरक. पण वर्षभरांत विकार पुन्हां उलटला तो नळीच्या गटांत शंभरांतील सुमारें सतरांवर, आणि दुसऱ्या गटांत सुमारें नवांवरच! छातींतली हवा शरीर आपोआप शोषून घेतें. फक्त वेळ लागतो. स्वस्थ बसणें हाहि एक उपचार असतो, आणि तो करावयाला डॉक्टरला धैर्य व नातेवाइकांना संयम लागतो. यावरून कोणीं असें मात्र समजूं नये कीं, छातींत कळ येऊन दम लागला तर घरीं निजून राहावें. आंत साठणारी हवा बाहेर पडेनाशी झाली तर ती हृदयावर व दुसऱ्या फुप्फुसावर रेटा देते, आणि मग घटकेचाहि अवधि नसतो. देखरेख ही रुग्णालयांतल्या डॉक्टरांनीं क्ष-किरणचित्र पाहून ठरवावयाची गोष्ट आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळीं बाईंनीं आम्हां सर्वांना खोलीबाहेर जाण्यास सांगितलें आणि त्या मुलाशीं एकट्या बोलल्या. दार उघडलें तेव्हां त्याची मान खालीं होती. रात्रीं त्याच्याजवळ मी होतों. तो आपण होऊन म्हणाला, “काका, वसतिगृहांत गेल्यापासून मी सिगारेट ओढतों. रोज पांचसहा. बाबांना सांगूं नका.” आमच्या घरांत चार पिढ्यांत पानसुपारीखेरीज कशाचा शिरकाव झालेला नाहीं. मला राग यावयास हवा होता. पण त्या नळींतलें पाणी श्वासागणिक वरखालीं होतांना समोर दिसत होतें, आणि राग आला नाहीं. 1987 सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील संशोधनांत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हा विकार न करणाऱ्यांच्या बावीस पट व स्त्रियांत नऊ पट आढळला. आणि जे सोडतात त्यांच्यांत तो पुन्हां उलटण्याचें प्रमाण बरेंच उतरतें. दुर्बीण कीं मोठा छेद, यावर आम्ही जाणत्या माणसांनीं तीन दिवस काथ्याकूट केला, त्यांतला फरक शंभरांत चारांचा! आणि हा एवढा मोठा फरक त्या मुलाच्या खिशांत होता. वडिलांना त्यानें स्वतःच सांगावें, असें मीं सुचविलें. चौथ्या दिवशीं गाडींतून घरीं जातांना त्यानें तें सांगितलें. बंधु पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले, मग म्हणाले, “सोडलीस ना?” त्या विषयावर आमच्या घरांत झालेलें भाषण एवढेंच. भावजयीला मात्र तें आधींच ठाऊक होतें असें मागाहून कळलें. कपडे तीच धूत असे.

त्याला आतां दोन वर्षें उलटून गेलीं. उजवी कूस शांत आहे. डाव्या कुशीबद्दल मात्र कोणतीहि शस्त्रक्रिया हमी देत नाहीं. फुगे दोहोंकडे असूं शकतात. म्हणून कांहीं नियम त्याच्या पाठीशीं कायमचे लागले आहेत. विमानप्रवासाला आतां त्याला मोकळीक आहे. फुप्फुस पूर्ण पसरल्याचें चित्रांत दिसल्यावर निदान सात दिवस जाऊं द्यावे, एवढाच दंडक त्या वेळीं होता. पण पाण्याखालीं बुडी मारण्यास मनाई आहे, आणि ती जन्माची. खोल पाण्यांत दाबाखालीं घेतलेली हवा वर येतांना प्रसरण पावते, आणि एखादा फुगा उरला असेल तर तो तेथें फुटावा यासारखी वाईट जागा नाहीं. गेल्या डिसेंबरांत तो मित्रांबरोबर मालवणास गेला होता. तेथें पाणबुड्याचा वेष घालून समुद्रतळाचीं प्रवाळें दाखविण्याची सोय आहे. मित्रांनीं आग्रह पुष्कळ केला. त्यानें बाईंना फोन लावला, त्यांनीं एका शब्दांत उत्तर दिलें. आणि पांचहि जण पाण्याखालीं गेले असतां आमचा चिरंजीव होडींत बसून त्यांचे चष्मे, घड्याळें व चपला सांभाळीत होता. नावाड्यानें म्हणे त्याला विडी देऊं केली. त्यानें शहाळें मागितलें.